जाळ्याच्या आत – भाग ७ : शेवटच्या झोनमध्ये पडदा का अडकतो?

गेल्या भागात घरातल्या राउटरची ओळख झाली. आता तोच राउटर दीडशे माणसांच्या हॉलमध्ये नेऊन ठेवू. पुण्याच्या कर्वेनगरात अशा जागांना तोटा नाही. कमिन्स कॉलेजच्या आसपासची वसतिगृहं आहेत, सोसायट्यांचे हॉल आहेत, राजाराम पुलाकडच्या डीपी रस्त्यावर लॉन्स आहेत. ‘बीजीएमआय’ या मोबाइल खेळाची फायनल हैदराबादला किंवा कोलकात्याला रंगली, तरी इथली मुलं प्रोजेक्टर लावून ती एकत्र बघू शकतात. पण शेवटच्या झोनमध्ये दोनच संघ उरावेत आणि नेमकं तेव्हाच पडद्यावर चाक फिरू लागावं, यासारखा विरस नाही. मग ‘जास्त स्पीडचा प्लॅन घ्यायला हवा होता’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. दुखणं मात्र बहुतेक वेळा दुसरीकडेच असतं.

हिशेब साधा आहे. यूट्यूबवर १०८०पी व्हिडिओ सलग दिसायला गूगलच्या शिफारशीनुसार सेकंदाला ५ मेगाबिट पुरतात. शंभर मेगाबिटच्या प्लॅनचा हा विसावा हिस्सा. अंतराचंही कारण देता येत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे मुंबईला जाऊन परत यायला दोन-तीन मिलिसेकंद खूप झाले.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात : उशीर आणि अडखळणं. उशीर मुळातच असतो. खेळाडूंनी प्रक्षेपण बघून प्रतिस्पर्ध्यांचा ठावठिकाणा काढू नये, म्हणून अनेक स्पर्धांत ते मुद्दाम मागे ठेवतात. त्यात व्हिडिओ तुकड्यांनी येतो. ॲपलच्या एचएलएस पद्धतीत ६ सेकंदांच्या तुकड्यांची शिफारस आहे आणि प्लेअर साधारण तीन तुकडे मागे राहून सुरुवात करतो. हॉलमध्ये सगळे एकच पडदा बघत असल्याने अर्ध्या मिनिटाच्या उशिराने कुणाचंच बिघडत नाही. रंगाचा बेरंग होतो तो अडखळण्याने.

म्हणून पहिला उपाय अगदी फुकटातला आहे. थेट प्रक्षेपण तीसेक सेकंद मागे ओढून ठेवायचं. यूट्यूबच्या व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडलं की ‘बफर हेल्थ’ नावाची ओळ दिसते. पुढचे किती सेकंद लॅपटॉपने आधीच उतरवून घेतलेत, ते तिथे कळतं. आकडा दोन-तीनवर घुटमळत असेल तर छोटासा झटकाही पडदा थांबवतो. पंचवीसच्या पुढे असेल तर तोच झटका कुणाच्या लक्षातही येत नाही. फक्त प्रेक्षकांना मोबाइलवर तीच मॅच न लावण्याची विनंती करायची, नाहीतर पडद्यावर ‘चिकन डिनर’ (म्हणजे विजय) होण्याआधीच मागच्या रांगेत जल्लोष होतो.

दुसरा उपाय वायरचा. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायमध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. खेटून उभ्या इमारतींतले सगळे राउटर त्यातच दाटीवाटीने बसतात. त्यात हॉल भरला की माणसांची शरीरंही लहरी शोषतात. दुपारी रिकाम्या हॉलमध्ये झकास चाललेलं वायफाय संध्याकाळी का रुसतं, याचं उत्तर इथे आहे. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत सरळ लॅन केबल टाकावी. शंभर मीटरपर्यंत ती बिनधोक चालते.

तिसरं दुखणं लपलेलं असतं. कुणीतरी त्याच जोडणीवरून मोठा व्हिडिओ अपलोड करायला घेतो आणि राउटरमध्ये रांग लागते. वारजे पुलाखाली ट्रकांच्या मागे रुग्णवाहिका अडकावी, तशी डेटाची छोटी पण तातडीची पाकिटं त्या रांगेत अडकतात. जिम गेटिस या अभियंत्याने २०१०च्या सुमारास ‘बफरब्लोट’ म्हणून हा दोष चव्हाट्यावर आणला. त्यावरची ‘एफक्यू-कोडेल’ पद्धत २०१८मध्ये आरएफसी ८२९० म्हणून नोंदली गेली. काही राउटरमध्ये ती ‘एसक्यूएम’ या नावाने मिळते. तपासणी सोपी आहे : एका खिडकीत पिंग (पाकीट जाऊन परत यायला लागणारा वेळ) चालू ठेवून दुसरीकडे मोठी फाइल अपलोड करायची. दहा मिलिसेकंदांचे तीनशे झाले, तर रोग सापडला.

‘नेट गेलं तर मोबाइलचा हॉटस्पॉट आहेच’ या भरवशावर मात्र राहू नये. २२ जुलै २०१७ रोजी शिकागोच्या ग्रँट पार्कात ‘पोकेमॉन गो फेस्ट’साठी सुमारे वीस हजार लोक जमले आणि मोबाइल नेटवर्क कोलमडलं. मंचावर आलेल्या, हा खेळ बनवणाऱ्या नियांटिक कंपनीच्या जॉन हँकी यांना प्रेक्षकांच्या हुर्योला तोंड द्यावं लागलं. कंपनीने तिकिटांचे पैसे परत केले, वर शंभर डॉलरची खेळातली नाणी दिली. गर्दी वाढली की टॉवरचा प्रत्येकाच्या वाट्याचा हिस्सा घटतो. कुंभमेळ्यात टेलिकॉम कंपन्या चाकांवरचे टॉवर उभे करतात ते यासाठीच.

म्हणून दुसरी जोडणीही वायरचीच हवी आणि ती वेगळ्या वाटेने आलेली हवी. दोन कंपन्यांच्या केबल एकाच खांबावरून लोंबकळत असतील, तर एका फांदीने दोन्ही जातात. राउटर आणि फायबरचा डबा, दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावेत.

खेळच अडला, तर हॉलवाल्यांच्या हाती काही उरत नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये कोरियाच्या ‘एलसीके’ या ‘लीग ऑफ लेजंड्स’ खेळाच्या लीगचे सामने डीडॉस हल्ल्यांमुळे (जोडणीवर खोट्या मागण्यांचा भडिमार) वारंवार थांबले. काही सामने प्रेक्षकांविना खेळवून नंतर दाखवावे लागले. अशा वेळी आयोजकांनी माइक हातात घेऊन खरं कारण सांगून टाकावं. सुट्टीचा दिवस काढून आलेल्या प्रेक्षकांचा तेवढा हक्क आहे.

हे डीडॉस हल्ले होतात कसे आणि त्यात घरोघरीचे कॅमेरे नकळत कसे सामील होतात, ते पुढच्या भागात.