खारे पाणी आणि भाताचे रोप

मंडळी, पेण-अलिबागच्या खारेपाटात भात राखायचे, तर आधी बांध राखावा लागतो. का, ते पाहू.

चंद्र आणि सूर्य समुद्राचे पाणी ओढतात. या ओढीला गुरुत्वाकर्षण म्हणतात. त्यामुळे भरती-ओहोटी होते. अवस-पुनवेला उधाण येते. तेव्हा बांध फुटला, की खारे पाणी शेतात शिरते.

उन्हाने पाण्याची वाफ होते. याला बाष्पीभवन म्हणतात. पाणी उडून जाते, मीठ मातीत राहते. मिठागरात मीठ पिकते, ते असेच.

मातीतल्या अशा मिठांना क्षार म्हणतात. क्षार वाढले, की भाताच्या मुळांना पाणी शोषता येत नाही. शेतात ओल असूनही रोप वाळते. तिवर मात्र खाडीत जगते. ते जादा क्षार पानांवाटे बाहेर टाकते. पानाला जीभ लावून पाहा, खारट लागेल.

मग उपाय काय? पावसाचे गोडे पाणी शेतात साठू द्यावे. त्यात क्षार विरघळतात. ओहोटी लागली, की ते पाणी उघाडीतून सोडावे. याला निचरा म्हणतात. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खार सोसणारे भाताचे वाणही काढले आहेत.

आणि बांधात खेकड्याचे बीळ दिसले, तर त्याच दिवशी चिखलाने बुजवा. बीळ लहान असते, पण उधाणात तिथूनच बांध जातो.