पानशेतची बोट, बर्फाची पेटी!
संडेला पानशेतला बोटिंगचा प्लॅन? मग आइसबॉक्सची तयारी शनिवारी रात्रीच करा, बॉस! बॉक्स आधी गार करा, बाटल्याही थेट फ्रीजमधून काढा. नाहीतर निम्मा बर्फ त्यांना गार करण्यातच संपतो. चुऱ्यापेक्षा लादी जास्त टिकते. बोटीवर बॉक्स सावलीत ठेवा, सारखं झाकण उघडू नका.

पण लादीचा बर्फ ग्लासात? नको रे बाबा! खाण्याचा नसलेला बर्फ निळा असावा, असा नियम महाराष्ट्रात २०१८मध्ये आला, तो उगाच नाही. सरबतासाठी घरचे क्यूब्ज वेगळ्या डब्यात न्या.

आणि रिकाम्या बाटल्या परत आणा हं. पानशेतचं पाणीच खडकवासलामार्गे पुण्याच्या नळाला येतं!