स्क्रीन काळा, कार्ड ठणठणीत

लिनक्सवर चालणारा लॅपटॉप अपडेटनंतर सुरू केला आणि स्क्रीन काळाच राहिला, की पहिला संशय ग्राफिक्स कार्डावर जातो. भंडाऱ्यातला माणूस मग लॅपटॉप पिशवीत घालून साठेक किलोमीटरवरच्या नागपूरची, सीताबर्डीची वाट धरतो. कार्ड मात्र अनेकदा ठणठणीत असतं. बिनसलेलं असतं ते ड्रायव्हर आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, यांचं.

मेमरी मिळवणं, लॉक लावणं अशा कामांसाठी ग्राफिक्स ड्रायव्हर कर्नलमधली तयार फंक्शन्स वापरतो. त्या फंक्शन्सची नावं म्हणजे सिम्बॉल. ड्रायव्हर लोड होताना कर्नल त्याला लागणारं प्रत्येक नाव आपल्या यादीत शोधतो. एक जरी जुळलं नाही, तरी अख्खा ड्रायव्हर दारातूनच परत. रेशन दुकानात असतात तशी याची दोन कारणं असतात: यादीत नावच नसतं, किंवा नाव असतं पण त्या कार्डावर धान्य मंजूर नसतं.

१० फेब्रुवारी २०२४ रोजी डेबियन या लिनक्स वितरणाची १२.५ ही आवृत्ती आली, तेव्हा दुसरं कारण आडवं आलं. त्यासोबत ६.१.७६ हा कर्नल होता. मेमरीचं एखादं पान वैध आहे का, हे तपासणाऱ्या छोट्याशा फंक्शनमधला दोष त्यात दुरुस्त केला होता आणि त्यासाठी आरसीयू प्रकारचं लॉक वापरलं होतं. हे फंक्शन ‘इनलाइन’, म्हणजे जो ड्रायव्हर ते वापरेल त्याच्याच कोडमध्ये उतरणारं. लॉक मात्र फक्त जीपीएल या खुल्या परवान्याच्या कोडसाठी राखीव. एनव्हिडियाचा बंदिस्त ड्रायव्हर त्या परवान्यात बसत नाही. त्यामुळे ड्रायव्हरमध्ये एक ओळही बदललेली नसताना नव्या कर्नलसाठी तो बांधलाच जाईना. लॅपटॉप सुरू होतानाच्या ग्रब मेनूतून जुना कर्नल निवडणाऱ्यांचं काम चालू राहिलं. पुढे डेबियनने दुरुस्त ड्रायव्हर दिला.

दोष कुणाचा? कर्नलच्या आतली रचना कायम राहील असं वचन कर्नलवाले देतच नाहीत. कर्नलचे विकासक ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ते कर्नलच्या दस्तऐवजांत सडेतोडपणे लिहून ठेवलं आहे. भूमिका तर्काला धरून आहे, पण अंधारात बसलेल्या वापरकर्त्याला तिचा काय उपयोग! एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला खरा, पण तो २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासूनच्या कार्डांसाठी. तालुक्याच्या गावी सेकंडहँड मशीनमध्ये त्याआधीचंच कार्ड असलं, तर हा दिलासा त्याच्या वाट्याला येत नाही.

तेव्हा स्क्रू खोलण्याआधी लॉग वाचावा. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकत्र दाबले की बहुधा अक्षरी पडदा मिळतो. नाहीच मिळाला, तर बूट करताना ‘नोमोडसेट’ हा पर्याय द्यावा. मग ‘डीमेसेज’ या कमांडच्या नोंदींत ‘अननोन सिम्बॉल’ असे शब्द शोधावेत. त्यापुढे अडलेलं नाव आणि एक आकडा असतो. उणे २ असेल तर नाव सापडलेलं नाही. उणे २२ बहुधा सांगतो, की नाव आहे पण आवृत्ती जुळत नाही.

अडलेलं नाव ‘डीआरएम’ने सुरू होत असेल, तर ज्यावर ड्रायव्हर उभा राहतो ते मॉड्यूलच आधी लोड झालेलं नसण्याची शक्यता मोठी. ‘इनसमॉड’ फक्त सांगितलेली फाइल चढवतो, तिला काय लागतं ते पाहत नाही. ‘मॉडप्रोब’ पाहतो, पण ‘डेपमॉड’ने बनवलेल्या नकाशावरून. नकाशा शिळा झाला असेल, तर ‘डेपमॉड’ पुन्हा चालवावं लागतं.

आवृत्तीचा घोळ असेल, तर ‘यूनेम’ने चालू कर्नल आणि ‘मॉडइन्फो’ने ड्रायव्हर ज्या कर्नलसाठी बांधला तो, असे दोन्ही पाहावेत. ते वेगळे निघाले, तर चालू कर्नलच्या हेडर फाइलींचं पॅकेज बसवून, ड्रायव्हर आपोआप बांधणाऱ्या डीकेएमएसला तो नव्याने बांधू द्यायचा. त्यासाठी लागणारं इंटरनेट वायफाय बंद असलं तरी मोबाइल यूएसबी केबलने जोडून घेता येतं.