मालवणात कंटेनरचं घर, स्वस्त कुठवर?

न्हावाशेवाहून जुना कंटेनर ट्रेलरवर मालवणात येतो खरा. पण माडांमधल्या अरुंद पाणंदीत चाळीस फुटी धूड वळणार का, हे पैसे मोजण्याआधी पाहावं.

लांबी 40 फूट, रुंदी 8, म्हणजे 320 चौरस फूट. उंची साधारण साडेआठ. ‘हाय क्यूब’ साडेनऊ, घरासाठी तोच घ्यावा. उष्णतारोधक अस्तर लागलं की आतली रुंदी आणखी घटते.

भार कोपऱ्यांतले पोलादी खांब पेलतात. ताठपणा मात्र नागमोडी पत्र्याचा, त्यामुळे खिडकी कापली की पोलादी चौकट वेल्ड करायलाच हवी.

खरी अडचण हवेची. कंटेनरच्या कॉर्टेन पोलादावर गंजाचा राखणदार थर बसतो. खाऱ्या वाऱ्यात तो नीट टिकत नाही. इपॉक्सी रंग, जांभ्याचा चौथरा आणि वर उतरतं छप्पर हवंच. हा खर्च जाहिरातीत नसतो! छप्पर घट्ट जखडा, मे 2021चं तौक्ते चक्रीवादळ आठवत असेलच.

जुन्या प्लायच्या जमिनीत कीटकनाशक मुरलेलं असू शकतं, ती बदललेली बरी. किनाऱ्यालगत सीआरझेडचे (किनारी नियमन क्षेत्राचे) नियम या घरालाही लागू होतात.

घर बांधायचा जांभ्याचा चिरा तर इथल्याच खाणीत निघतो. म्हणून चिऱ्याच्या आणि कंटेनरच्या घराची, दोन्ही कोटेशनं शेजारी ठेवा.