टीव्हीवर बंद पडलेली ‘डॉक्टर हू’ पुस्तकांनी आणि ऑडिओ नाटकांनी कशी जगवली? आणि चाहते अजून का भांडतायत?

१४ नोव्हेंबर २०१३. बीबीसीने ‘द नाईट ऑफ द डॉक्टर’ नावाचा जेमतेम सात मिनिटांचा एक भाग ऑनलाइन टाकला. त्यात अभिनेता पॉल मॅकगॅन १९९६ नंतर पहिल्यांदाच आठव्या डॉक्टरच्या भूमिकेत पडद्यावर दिसला. मरण समोर उभं असताना हा डॉक्टर आपल्या पाच जुन्या साथीदारांची नावं घेतो. चार्ली, क्रिझ, लूसी, टॅमसिन आणि मॉली.

बऱ्याच प्रेक्षकांना प्रश्न पडला, ही माणसं कोण? कारण यातलं एकही पात्र टीव्हीवर कधीच आलं नव्हतं. चाहत्यांचा एक गट मात्र प्रचंड खूश झाला. ही पाचही पात्रं ऑडिओ नाटकांमधली होती. ज्या गोष्टींना ‘त्या काही खऱ्या नाहीत’ म्हणून वर्षानुवर्षं हिणवलं गेलं, त्यांची नावं आता खुद्द मालिकेतल्या डॉक्टरने घेतली होती.

मग त्या गोष्टी ‘खऱ्या’ झाल्या का? पाच नावं घेतली म्हणून पाचही जणांच्या सगळ्या कथा अधिकृत ठरतात का? आणि हे ठरवायचं कुणी? ‘डॉक्टर हू’च्या चाहत्यांमध्ये हा वाद तीस वर्षांहून जास्त काळ चालू आहे.

आधी, ‘डॉक्टर हू’ काय आहे?

२३ नोव्हेंबर १९६३ ला बीबीसीवर सुरू झालेली ही ब्रिटिश सायन्स फिक्शन मालिका. ‘डॉक्टर’ हा परग्रहावरचा कालप्रवासी. त्याचं यान ‘टार्डिस’ बाहेरून निळ्या पोलीस बॉक्ससारखं दिसतं आणि आत मात्र अवाढव्य असतं. डॉक्टर मरायला टेकला की त्याचं शरीर बदलतं आणि नवा अभिनेता भूमिका हातात घेतो. या एका युक्तीमुळे मालिका २६ वर्षं सलग चालली.

पण प्रेक्षक घटत गेले. ६ डिसेंबर १९८९ ला शेवटचा भाग दाखवला गेला आणि मालिका थांबली. १९९६ मध्ये पॉल मॅकगॅनला घेऊन एक टीव्ही चित्रपट आला, पण त्यातून पुढे मालिका उभी राहिली नाही. नवी मालिका यायला २६ मार्च २००५ उजाडलं. म्हणजे तो एक चित्रपट सोडला तर पंधरा वर्षांहून जास्त काळ टीव्हीवर नवं काहीही नव्हतं.

आजच्या वादाचं मूळ याच रिकाम्या जागेत आहे.

पुस्तकांनी सूत्रं हातात घेतली

१९९१ मध्ये व्हर्जिन पब्लिशिंगने ‘न्यू ॲडव्हेंचर्स’ ही कादंबऱ्यांची मालिका सुरू केली. मालिका जिथे थांबली, तिथून सातव्या डॉक्टरची गोष्ट पुढे न्यायची, अशी ही योजना. १९९७ पर्यंत डॉक्टरच्या ६१ कादंबऱ्या आल्या. आधीच्या डॉक्टरांसाठी ‘मिसिंग ॲडव्हेंचर्स’ नावाची वेगळी मालिका होती. तिच्यात ३३ पुस्तकं निघाली.

यात दोन गोष्टी नव्या होत्या. पहिली म्हणजे ही पुस्तकं मोठ्यांसाठी होती. शनिवारी संध्याकाळी घरच्यांसोबत बघायच्या मालिकेत ज्याला जागा नव्हती, ते सगळं इथे आलं. शिव्या, सेक्स, हिंसा आणि बराच अंधार. दुसरी म्हणजे प्रकाशकाने नवख्या लेखकांना दार उघडं ठेवलं. कुणीही हस्तलिखित पाठवावं, आवडलं तर छापू. त्यामुळे कालपर्यंत फॅन फिक्शन लिहिणारी मुलं अधिकृत लेखक झाली. पॉल कॉर्नेल हे त्यातलं ठळक नाव.

चाहत्यांचे दोन तट इथेच पडले. कॉर्नेल यांच्या ‘लव्ह अँड वॉर’ (१९९२) मध्ये डॉक्टर एक मोठं संकट टाळण्यासाठी डाव आखतो आणि त्यात साथीदार एसच्या प्रियकराचा बळी जातो. संतापलेली एस त्याला सोडून जाते. काही वाचकांना वाटलं, अखेर डॉक्टर एक गुंतागुंतीचा, भीती वाटावी असा माणूस झाला. बाकीच्यांचं म्हणणं, हा आमचा डॉक्टरच नाही. जो लोकांना वाचवतो, तो सोंगट्यांसारखी माणसं कशी हलवेल?

याच पुस्तकात बर्नीस समरफिल्ड ही २६ व्या शतकातली पुरातत्त्वज्ञ पहिल्यांदा आली. ती इतकी गाजली की डॉक्टरचे हक्क बीबीसीकडे परत गेल्यावरही व्हर्जिनने तिला नायिका करून १९९९ पर्यंत पुस्तकं काढली.

पुढे बीबीसी बुक्सने १९९७ ते २००५ मध्ये आठव्या डॉक्टरच्या ७३ कादंबऱ्या काढल्या. त्यातल्या ‘द अँसेस्टर सेल’ (२०००) मध्ये डॉक्टरचा ग्रह गॅलिफ्रे नष्ट होतो. २००५ ला मालिका परतली, तेव्हा तिथेही गॅलिफ्रे नष्ट झालेला होता. पण वेगळ्या कारणाने, वेगळ्या युद्धात.

मग आला आवाज

ज्याला आपण मराठीत नभोनाट्य किंवा श्रुतिका म्हणतो, तोच हा प्रकार. फक्त रेडिओऐवजी सीडीवर आणि नंतर डाउनलोड करून ऐकायचा. बिग फिनिश या कंपनीने १९९८ मध्ये बर्नीसच्या कथांपासून सुरुवात केली. मग बीबीसीचा परवाना मिळवून जुलै १९९९ मध्ये ‘द सायरन्स ऑफ टाइम’ काढलं. त्यात पीटर डेव्हिसन, कॉलिन बेकर आणि सिल्व्हेस्टर मॅकॉय हे टीव्हीवरचे तीन डॉक्टर एकत्र होते.

पुस्तकांकडे जे नव्हतं, ते इथे होतं. खरे अभिनेते, खरे आवाज. २००१ मध्ये पॉल मॅकगॅन आला, २०१२ मध्ये टॉम बेकर, २०१६ मध्ये डेव्हिड टेनंट. २००५ चं एकच पर्व करून बाहेर पडलेला ख्रिस्तोफर एकल्स्टनही २०२१ मध्ये ऑडिओतून या भूमिकेत परतला.

पैशाचं गणितही सोपं होतं. टीव्हीवर परग्रहावरचं शहर उभं करायला सेट लागतो. ऑडिओत चार आवाज आणि चांगलं साउंड डिझाइन पुरतं. बाकीचं काम ऐकणाऱ्याची कल्पनाशक्ती करते.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो कॉलिन बेकरचा. त्याचा सहावा डॉक्टर १९८४ ते १९८६ मध्ये टीव्हीवर होता. तो उर्मट होता, पहिल्याच कथेत स्वतःच्या साथीदाराचा गळा धरतो. अंगात डोळ्यांना खुपणारा रंगीबेरंगी कोट. बीबीसीने त्याला काढून टाकलं. ऑडिओत कोट दिसत नाही, हा चाहत्यांचा आवडता विनोद. पण खरा बदल लेखनात झाला. २००० मध्ये त्याला एव्हलिन स्माइथ ही पन्नाशी ओलांडलेली इतिहासाची प्राध्यापिका साथीदार म्हणून मिळाली. ती त्याला ऐकवायची, चुकला तर गप्प करायची. हळूहळू तोच डॉक्टर प्रेमळ झाला. टीव्हीवरचा नावडता डॉक्टर ऑडिओतला लाडका डॉक्टर ठरला.

आठव्या डॉक्टरचं तर बहुतेक सगळं आयुष्यच ऑडिओत आणि पुस्तकांत आहे. टीव्हीवर त्याच्या वाट्याला दीड तासाचा एक चित्रपट आणि नंतरच्या मोजक्या झलका आल्या. ऑडिओत त्याच्या शंभराहून जास्त कथा आहेत.

वाद नेमका कशावर?

वादाचा शब्द आहे ‘कॅनन’. म्हणजे मूळ, अधिकृत मानली जाणारी गोष्ट. ढोबळमानाने चाहत्यांचे तीन गट दिसतात.

पहिला गट म्हणतो, टीव्हीवर घडलं तेवढंच खरं. बाकी सगळं मनोरंजन. मालिका बघणाऱ्याला शेकडो पुस्तकं आणि ऑडिओ माहीत असण्याची सक्ती नको, हा त्यांचा मुद्दा आहे आणि तो बिनतोड आहे.

दुसरा गट म्हणतो, परवाना बीबीसीचा आहे, अभिनेते तेच आहेत, मग हे खोटं कसं? मालिका बंद असताना ज्यांनी ती जिवंत ठेवली, त्यांना नंतर बाहेरचं ठरवणं हा कृतघ्नपणा आहे.

तिसऱ्या गटाचं मत, ज्याला जे आवडेल ते त्याने खरं मानावं. कालप्रवासाची गोष्ट आहे, इतिहास बदलू शकतो.

अडचण अशी की सगळं एकत्र खरं मानायचं ठरवलं, तर ते जुळतच नाही. एसचंच बघा. कादंबऱ्यांमध्ये ती डॉक्टरला सोडून जाते आणि पुढे सैनिक होऊन परतते. १९९६ च्या एका कॉमिकमध्ये ती मरते. ऑडिओत तिचा प्रवास आणखी वेगळा आहे. आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘द पॉवर ऑफ द डॉक्टर’मध्ये ती टीव्हीवर धडधाकट हजर होते.

दुसरं उदाहरण ‘ह्यूमन नेचर’. पॉल कॉर्नेल यांच्या १९९५ च्या या कादंबरीत सातवा डॉक्टर माणूस होऊन पहिल्या महायुद्धाआधीच्या एका शाळेत शिक्षक म्हणून राहतो. २००७ मध्ये कॉर्नेल यांनीच तिचे टीव्हीसाठी दोन भाग लिहिले, पण दहाव्या डॉक्टरला घेऊन. एकच गोष्ट दोन डॉक्टरांच्या आयुष्यात कशी घडली? कादंबरी रद्द झाली का? की दोन्ही खऱ्या?

बीबीसी काय म्हणते?

काहीच नाही. २०१४ मध्ये ‘स्टार वॉर्स’च्या मालकांनी जुन्या कादंबऱ्या आणि कॉमिक्स बाजूला काढून त्यांना ‘लेजंड्स’ असं नाव दिलं आणि विषय संपवला. बीबीसीने ‘डॉक्टर हू’बाबत असा निकाल कधीच दिलेला नाही. त्यामुळे काही जण कायम गोंधळलेले राहतात. पण याच मोकळेपणामुळे लेखकांना जुन्या गोष्टीतून हवं ते उचलता येतं आणि नको ते सोडून देता येतं.

आणि त्यांनी उचललंही भरपूर. २००५ च्या पहिल्या पर्वाचे १३ भाग पाच जणांनी लिहिले. रसेल टी. डेव्हिस, मार्क गॅटिस, रॉबर्ट शिअरमन, स्टीव्हन मोफॅट आणि पॉल कॉर्नेल. या पाचही जणांनी त्याआधी ‘डॉक्टर हू’ची पुस्तकं, लघुकथा किंवा ऑडिओ लिहिले होते. मालिका परत आणणाऱ्या डेव्हिस यांची ‘डॅमेज्ड गुड्स’ ही कादंबरी १९९६ मध्ये व्हर्जिननेच काढली होती. शिअरमन यांनी आपल्याच ‘ज्युबिली’ (२००३) या ऑडिओ नाटकातली कल्पना घेऊन ‘डालेक’ हा टीव्हीचा भाग लिहिला.

म्हणजे ज्या कथा ‘मोजायच्या की नाही’ यावर भांडण चालू होतं, त्याच कथा लिहीत मालिकेची पुढची पिढी तयार होत होती. पात्रांचा तपशील जुळत नसेल, पण टीव्हीवर परतलेल्या मालिकेत या लेखकांनी कमावलेला हात होता. कॅननच्या वादात हा मुद्दा फारसा येत नाही.

टीका कशावर होते?

सगळेच खूश आहेत असं नाही. पुस्तकांबद्दलची जुनी तक्रार म्हणजे ती उगाच ‘डार्क’ होतात आणि जुने संदर्भ माहीत नसतील तर डोक्यावरून जातात. मार्क प्लॅट यांच्या ‘लंगबॅरो’ (१९९७) मध्ये डॉक्टरच्या जमातीतली माणसं जन्माला येत नाहीत, मागासारख्या यंत्रावर विणली जातात. काही वाचकांना ही कल्पना भन्नाट वाटते, काहींना असह्य. टीव्हीने नंतर त्यांची लहान मुलंही दाखवली आणि ही कल्पना बाजूला पडली.

बिग फिनिशवरचा मुख्य आक्षेप म्हणजे प्रमाण. महिन्याला निघणाऱ्या त्यांच्या मुख्य मालिकेचे मार्च २०२१ पर्यंत २७५ अंक झाले. मग ती थांबवून बॉक्स सेटवर भर दिला गेला. पूर्वी एकच गोष्ट विकत घेता यायची, आता तीन-चार कथांचा संच घ्यावा लागतो, ही अनेकांची नाराजी. जुन्या शत्रूंना पुन्हा पुन्हा आणणं, टीव्हीच्या दोन भागांमधली प्रत्येक फट भरून काढणं, यालाही लोक कंटाळलेत.

नाजूक मुद्दा आहे तो दिवंगत कलाकारांचा. तिसऱ्या डॉक्टरचा आवाज टिम ट्रेलोर देतात. दुसरा डॉक्टर पॅट्रिक ट्रॉटन यांचा मुलगा मायकल साकारतो. एलिझाबेथ स्लेडन यांच्या मृत्यूनंतर सारा जेनची भूमिका त्यांची मुलगी सेडी मिलर करते. काहींसाठी ही सुंदर आदरांजली आहे. काहींना वाटतं, काही दारं बंदच राहू द्यावीत.

सुरुवात कुठून करायची?

एकाही गटात न जाता ऐकायचं असेल, तर चाहते वारंवार सुचवतात ती तीन नाटकं आहेत. ‘द चाइम्स ऑफ मिडनाईट’ (२००२) मध्ये जुन्या इंग्रजी हवेलीत घड्याळाचे टोल पडतात तसे नोकर मरत जातात. ‘स्पेअर पार्ट्स’ (२००२) मध्ये जगण्यासाठी माणसं हळूहळू यंत्र कशी होतात, हे सायबरमेनच्या जन्मातून दिसतं. ‘ज्युबिली’मध्ये एक डालेक टॉवर ऑफ लंडनमध्ये कैदी आहे. तिन्ही स्वतंत्र आहेत, आधीचं फार माहीत नसलं तरी चालतं. बिग फिनिशच्या वेबसाइटवरून ती डाउनलोड करता येतात.

व्हर्जिनच्या बऱ्याच कादंबऱ्यांची छपाई बंद आहे आणि काही जुन्या प्रती महाग मिळतात. ‘ह्यूमन नेचर’ मात्र २०१५ मध्ये बीबीसी बुक्सने पुन्हा काढली. ‘लव्ह अँड वॉर’ आणि ‘डॅमेज्ड गुड्स’ ऑडिओ रूपातही आल्या आहेत.

आत्ता हा विषय का महत्त्वाचा?

कारण मालिकेपुढे पुन्हा अनिश्चितता आहे. ३१ मे २०२५ ला पर्व संपलं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये बीबीसीने डिस्नेसोबतची भागीदारी संपल्याचं जाहीर केलं. पुढचा भाग २०२६ च्या ख्रिसमसला येईल, असंही तेव्हा सांगितलं. नियमित पर्वांमध्ये पुन्हा खंड पडलाय.

१९८९ मध्ये असंच झालं होतं, तेव्हा चाहत्यांनी वाट बघत बसण्याऐवजी लिहायला घेतलं. त्यांचं लेखन ‘खरं’ होतं की नाही, यावर आजही एकमत नाही. पण ते लिहिलं गेलं नसतं, तर २००५ ची मालिका लिहायला ही माणसं तयार मिळाली असती का? कॅननवर भांडताना दोन्ही बाजूंनी एकदा या प्रश्नाचंही उत्तर द्यायला हवं.