डाळ, बॉयलर आणि चोपण रान

भाऊबीजेला बहिणीकडे जावे, ओवाळून घ्यावे, चकल्यांचा डबा काखोटीस मारावा आणि पुण्याची एस.टी. धरावी, एवढाच माझा दरवर्षीचा कार्यक्रम. गेल्या वर्षी मात्र त्यात रसायनशास्त्राने शिरकाव केला. मी मराठीचा प्राध्यापक. साहित्यातले नऊ रस मला ठाऊक आहेत. रसायनाशी संबंध बारावीतच संपला. पण भाच्याच्या चेहऱ्यावरचा करुण रस पाहून मला राहवले नाही.

माझी बहीण इंदापूर तालुक्यात, नीरेच्या डाव्या कालव्याच्या अंगाला दिलेली. भाचा बारामतीला अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. ओसरीवर वही उघडी टाकून तो बसला होता. पहिल्याच चाचणीत रसायनशास्त्राने त्याला आडवे केले होते.

“मामा, मी संगणक शाखेचा विद्यार्थी. बॉयलरच्या पाण्यात चुना आहे की नाही, हे मी कशाला घोकायचं?”

मी वही हाती घेतली. धड्याचे नाव होते पाण्याची कठिणता. आमच्या शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला ‘दुष्फेन’ म्हणत. ज्यात साबणाला फेस नीट येत नाही ते दुष्फेन, ज्यात येतो ते सुफेन. शब्द संस्कृत असला तरी अनुभव घरोघरचा आहे. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना चुनखडीतून जाते आणि कॅल्शियम व मॅग्नेशियम या धातूंचे क्षार आपल्यात विरघळवून घेते. साबण लावला की आधी या धातूंशीच त्याची गाठ पडते. त्याची चिकट साय होते आणि फेसाला साबण उरत नाही. यातले काही क्षार पाणी उकळताच खाली बसतात. बंबाच्या तळाशी जो पांढरा थर धरतो, तो हाच. पिण्याच्या पाण्यात अशी कठिणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालेल, असे भारतीय मानक सांगते.

बंबात थर बसला तर फार तर लाकूड जास्त जळते. पण भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर अशा साखर कारखान्यांच्या बॉयलरांत बसला तर? हा थर उष्णता पलीकडे जाऊ देत नाही. वाफ तेवढीच हवी, म्हणून आग वाढवावी लागते आणि नळ्यांचे लोखंड प्रमाणाबाहेर तापते. अशा वेळी थराला तडा गेला, की पाणी एकदम लालबुंद धातूवर पडते, त्याची क्षणात वाफ होते आणि बॉयलर फुटू शकतो. म्हणून पाणी आधी ‘मऊ’ करून घेतात. झिओलाइट नावाच्या खनिजाच्या दाण्यांना सोडियम चिकटलेला असतो. कठीण पाणी त्या दाण्यांवरून गेले की दाणे पाण्यातले कॅल्शियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. सारा व्यवहार अदलाबदलीचा.

“यात अवघड ते काय?” मी म्हणालो.

“अवघड नाही हो, निरुपयोगी आहे!” भाचा म्हणाला.

एवढ्यात स्वयंपाकघरातून बहिणीने विचारले, “डाळीत सोडा घातला तर चालेल का रे तुला? विहिरीच्या पाण्यात तूर शिजतच नाही बघ!”

भाच्याने वहीतून मान वर केली. डाळीच्या पेशींना धरून ठेवणारा पेक्टिन नावाचा डिंकासारखा पदार्थ असतो. कठीण पाण्यातले कॅल्शियम त्याला आणखी घट्ट बांधते, आणि डाळ तासभर उकळूनही दाणा मोडत नाही. खायच्या सोड्यात सोडियम असते. सोडा पडला की ती बांधणी सैल होते आणि डाळ गळते. म्हणजे बॉयलरखान्यातली अदलाबदल माझ्या बहिणीच्या पातेल्यातही चाललेली होती! कॅल्शियम बांधतो, सोडियम सुटे करतो, एवढे सूत्र आम्ही मामा-भाच्यांनी जेवणाच्या पानावर पक्के केले.

दाजी मुकाट्याने जेवत होते. हात धुताना ते म्हणाले, “मग आमच्या रानात कोण काय सुटं करतंय, तेवढं सांगा.”

कालव्याकडेचा त्यांचा दोन एकरांचा तुकडा चोपण झाला आहे. चोपण म्हणजे ओली असताना साबणासारखी निसरडी आणि वाळली की दगडासारखी होणारी जमीन. पाणी वर तुंबून राहते, खाली मुरत नाही. ऊस तिथे गुडघ्याएवढाही होत नाही. कुणी सांगितले म्हणून दाजींनी जिप्सम आणून विस्कटले, वरून भरपूर पाणी दिले. दोन हंगाम गेले. रान होते तसेच राहिले. “जिप्सम म्हणजे नुसती पांढरी माती. तुकडा विकून टाकावा म्हणतो,” ते म्हणाले. बहिणीचा हात वाढता वाढता थांबला. तिच्या सासऱ्यांनी घेतलेले ते पहिले रान.

भाचा उठला. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी त्याने दोन बाटल्यांत घेतले. दोन्हींत त्या रानातली माती घातली आणि एकीत चमचाभर जिप्सम. दोन्ही बाटल्या खळखळून हलवल्या आणि ओसरीच्या कट्ट्यावर ठेवून दिल्या. सकाळी पाहतो तो जिप्समच्या बाटलीत माती तळाला बसून वर निवळशंख पाणी, आणि दुसरीत रात्रीसारखाच गढूळ काला!

कारण तेच, कालचेच. काळ्या मातीचे अतिसूक्ष्म कण ऋण विद्युतभाराचे असतात. धन भाराचे कॅल्शियम त्यांच्या सभोवती असले की त्यांचे गठ्ठे बांधले जातात. गठ्ठ्यांमध्ये फटी राहतात आणि त्यांतून पाणी व हवा खेळते. कॅल्शियमची जागा सोडियमने घेतली की गठ्ठे सुटतात आणि सुटे कण फटी बुजवून टाकतात. कालव्याची गळती आणि उसाला दिलेले अतोनात पाणी यांनी जमिनीखालची पाण्याची पातळी वर येते. ते पाणी उन्हाने उडून जाते, क्षार मागे राहतात. त्यांतला कॅल्शियम चुनखडी होऊन बसतो, सोडियम तेवढा विरघळलेला उरतो आणि मातीच्या कणांना चिकटतो. जिप्सम म्हणजे कॅल्शियमचे सल्फेट. ते कॅल्शियम परत देते.

“बाटलीत देतं, मग रानात का नाही दिलं?” दाजींनी विचारले.

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “अप्पा, झिओलाइटच्या टाकीत कॅल्शियम भरला की मिठाचं पाणी सोडून ती धुतात. सुटलेला कॅल्शियम खालच्या नळानं बाहेर जातो. तो नळ बंद ठेवला तर टाकी कधीच साफ होणार नाही. जिप्समनं आपल्या रानात सोडियम सुटला असेल. पण आपल्या रानाला खालचा नळ कुठं आहे?”

दाजी त्या तुकड्याकडे पाहत राहिले. मग एवढेच म्हणाले, “म्हणजे चर आधी काढायला हवा होता.”

पुण्याला परतल्यावर मी ग्रंथालयात बसलो. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर या मुलखासाठी नीरेचा डावा कालवा काढला गेला आणि १८८५ च्या सुमारास त्याचे पाणी खेळू लागले. पुढल्या पंचवीस वर्षांतच जमिनी इतक्या बिघडल्या, की पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातल्या, बारामतीच्या क्षारजमिनींवर स्वतंत्र पत्रिकाच लिहिली. मॅन हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. पुढे क्लॉड इंग्लिस या अभियंत्यांनी बारामती भागात निचऱ्याचे प्रयोग केले. एकाने रोग ओळखला, दुसऱ्याने पाण्याला वाट काढली. रसायनाला स्थापत्याची जोड मिळाली तेव्हाच इलाज पुरा झाला.

आणखी एक गोष्ट सापडली, तिने मी चकितच झालो. ही अदलाबदल प्रथम कारखान्यात सापडली नाही, मातीत सापडली! थॉम्प्सन नावाच्या एका इंग्रज जमीनदाराने मातीवर अमोनियम सल्फेटचे द्रावण ओतले, तर खालून निघाले ते जिप्सम. त्याच्यावरून जे. टी. वे या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली मातीचा हा गुण सिद्ध केला, आणि तोच धागा धरून विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीच्या रॉबर्ट गान्स यांनी पाणी मऊ करण्याचे कृत्रिम दाणे तयार केले. बॉयलरखान्याने ही विद्या शेताकडून उसनी घेतली होती.

शहरातल्या वाचकांनाही यात घेण्यासारखे आहे. बोअरच्या पाण्यासाठी सोसायटीत सॉफ्टनर बसवला असेल, तर ते पाणी कपड्यांना उत्तम; पण कुंडीतल्या तुळशीला रोज तेच घालू नये. त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेला असतो, आणि कुंडीतली माती म्हणजे एक लहानसे रानच.

यंदा भाऊबीजेच्या आधीच भाच्याचा फोन आला. रसायनशास्त्र सुटले होते. गुण किती, ते त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. चर ओढ्यापर्यंत नेला आहे, माती तपासून मगच जिप्सम टाकले आहे, आणि पावसाळ्यात त्या तुकड्यात धैंचा गाडला आहे, हे मात्र त्याने तपशीलवार सांगितले. ऊस इतक्यात नाही, असे दाजींचे म्हणणे. पण पहिल्या मोठ्या पावसानंतर रानात पाणी तुंबले नाही, चरातून वाहत राहिले.

“आणि मामा, येताना डाळीसाठी सोडा घेऊन या,” तो म्हणाला. “विहीर अजून दुष्फेनच आहे!”