नोकरी सांभाळून कादंबऱ्या

'लिहायला वेळच मिळत नाही' म्हणणाऱ्यांनी अँथनी ट्रोलोपला जरूर भेटावं. एकोणिसाव्या शतकातला हा ब्रिटिश टपाल खात्यातला अधिकारी पहाटे साडेपाचला टेबलाशी हजर! कॉफी देऊन उठवणाऱ्या म्हाताऱ्या नोकराला त्यासाठी वर्षाला ५ पौंड जादा. समोर घड्याळ, दर १५ मिनिटांना २५० शब्द. पण त्याआधी अर्धा तास आदल्या दिवशीचं लिखाण वाचायचं. मला विचाराल तर खरी मेख इथेच आहे. कोऱ्या कागदाशी गाठच पडत नाही, चालू गोष्टीत शिरायचं असतं. फिरतीवर असला की रेल्वेच्या डब्यात पेन्सिलीने खरडायचा; बायको रोझ नंतर स्वच्छ प्रत काढायची. (श्रेय तिलाही!) १८८३ साली आत्मचरित्रातून हा हिशेब बाहेर आल्यावर अनेकांनी नाकं मुरडली.